टाळेबंदीत गुजरातमधील कारखान्यांनी जादा कामाचा मोबदला साध्या दराने देणे वैध होते का?

नाही, गुजरात सरकारच्या १७ एप्रिल २०२० च्या ज्या अधिसूचनेने दिवसाला बारा तास काम आणि जादा तासांना साधाच दर अशी मुभा दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 'गुजरात मजदूर सभा' खटल्यात १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५ खाली सरकार 'सार्वजनिक आणीबाणी'त कारखान्यांना या कायद्यातून सूट देऊ शकत होते. निकालानुसार ही आणीबाणी म्हणजे युद्धासारख्या कारणाने देशाच्या सुरक्षेला निर्माण झालेला गंभीर धोका होय. साथीमुळे आलेली मंदी त्यात बसत नाही. माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग पुढे आहे: अधिसूचना निघाल्यापासून राबलेल्या सर्व पात्र कामगारांना कलम ५९ प्रमाणे, म्हणजे दुप्पट दराने, मोबदला देण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. मात्र हा निकाल कारखाने अधिनियमाखालील कामगारांपुरता होता. दुकाने व कार्यालये यांना वेगळा कायदा लागू होता.