बाजार, बहार आणि तारीख मिळून हडूपची एक की: बेरीज तुकड्यांत का येते?

हडूपवर (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून मोजणारी प्रणाली) कळमना, काटोल, नरखेड या बाजारांच्या संत्रा-आवकेची बेरीज एका रिड्यूसरवर (एकाच कीच्या, म्हणजे गटाच्या ओळखीच्या, नोंदी गोळा करून बेरीज करणारा भाग) बरोबर येते आणि चार लावले की एकाच दिवसाच्या दोन-तीन ओळी निघतात, असं तुम्ही लिहिलंय. बेरजेचा कोड तपासत बसू नका, हॅशकोड (कीवरून निघणारा एक आकडा) बघा.

नोंद कुठल्या रिड्यूसरकडे जायची हे हॅशपार्टिशनर ठरवतो: कीच्या हॅशकोडला रिड्यूसरच्या संख्येने भागून उरलेली बाकी. हॅशकोड लिहिलाच नसेल तर जावा ऑब्जेक्टचा मूळ हॅशकोड घेते. मग 'कळमना, मृग, १५ फेब्रुवारी' ही एकच की दोन मॅपरमधून (नोंदी वाचून की बनवणारे भाग) निघून दोन वेगळ्या रिड्यूसरकडे जाते. एरर काहीच येत नाही, हीच खरी पंचाईत.

तिन्ही फील्ड घालून हॅशकोड लिहिला तरी एक खाच उरते. आंबिया आणि मृग हे बहार तुम्ही इनम (ठरावीक नावांचा जावा प्रकार) केले असतील, तर इनमचा हॅशकोड प्रत्येक जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्राम चालवणारी प्रक्रिया) वेगळा निघू शकतो. तिथे इनमचं नाव, म्हणजे स्ट्रिंग, वापरा. इक्वल्सही लिहून टाका, पण रिड्यूसरमधलं ग्रुपिंग कम्पेअरटूवर (दोन कींची तुलना करणारी मेथड) चालतं. त्यात तारीख राहून गेली, तर सगळे दिवस एका ढिगात पडतात. आकड्यांची तुलना वजाबाकीने करू नका, मोठ्या आकड्यांना ती ओव्हरफ्लो होते, इंटिजर.कम्पेअर वापरा.

बाकीचं सरळ आहे. राइटेबलकम्पॅरेबल (की लिहिणं, वाचणं आणि तुलना करणं यासाठीचा हडूपचा इंटरफेस) इम्प्लिमेंट करा. राइटमध्ये फील्ड ज्या क्रमाने लिहिले, त्याच क्रमाने रीडफील्ड्समध्ये वाचा; क्रम चुकला तर ईओएफएक्सेप्शन (वाचताना डेटा मध्येच संपल्याची एरर), नाहीतर नुसता कचरा. पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर हवाच, कारण फ्रेमवर्क ऑब्जेक्ट स्वतः बनवतं. की-क्लास दुसऱ्या क्लासच्या आत असेल तर तो स्टॅटिक करा. राइटयूटीएफला (स्ट्रिंग लिहिणारी मेथड) नल स्ट्रिंग दिली की नलपॉइंटर एरर येते. बाजाराचं नाव रिकामं असेल तर "" लिहा. आउटपुट फाइलसाठी टूस्ट्रिंगही लागेल, नाहीतर क्लासचं नाव आणि @ छापलेलं दिसेल.

तिन्ही फील्ड जोडून एकच टेक्स्ट की केली तर एवढी उठाठेव वाचते, आणि नुसत्या बेरजेसाठी मी तेच करेन. फक्त मग आकड्यांचा क्रम अक्षरांसारखा लागतो, १० हा ९ च्या आधी येतो. तारीख २०२४०२१५ अशी आठ अंकी ठेवा.

आणि रिड्यूसरमध्ये की लिस्टमध्ये साठवत असाल तर आधी तिची कॉपी करा. हडूप तोच ऑब्जेक्ट पुन्हा भरतं, त्यामुळे लिस्टभर शेवटचीच की दिसते.