रंकाळ्याचा सूर्यास्त का विकला जात नाही?

स्टॉक फोटोंबद्दल विचारणाऱ्या पत्रांपैकी चार इथे घेतो. या व्यवहारात फोटो एकदा साइटवर चढवायचा, आणि ज्याला हवा तो वापरण्याचा परवाना विकत घेतो. फोटोवरचा हक्क तुमचाच राहतो.

प्रश्न : दोन वर्षांत रंकाळा, पन्हाळा, जोतिबा असे दीडशे फोटो चढवले. मित्र कौतुक करतात, पण विकले गेले फक्त सात. काय चुकतंय? (राजारामपुरी)

तुमच्या फोटोंत खोट नाही. रंकाळ्यावर मावळणारा सूर्य आणि दुसऱ्या कुठल्या तळ्यावरचा सूर्य यांत लांबच्या ग्राहकाला फरक दिसत नाही, आणि सूर्यास्त तर साइटवर ढिगानं पडलेत. ग्राहकाच्या हातात आधी मजकूर असतो आणि त्याला शोभेल असं चित्र तो शोधत असतो: गुळावरचा लेख, ऊसशेतीवरचा धडा, खेड्यातल्या रोजगारावरचा अहवाल.

म्हणून हंगामात करवीर-कागलकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर पहाटेच जा. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीत उकळणारा रस, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढणारा झारा, वाफ्यात ओतलेला पाक आणि शेवटी ढेप, असा सगळा क्रम टिपा. वाफेच्या मागून ऊन येईल अशी जागा धरा, म्हणजे वाफ उठून दिसते. फ्रेमची एक बाजू मोकळी ठेवा, तिथे ग्राहकाला अक्षरं टाकायची असतात. मात्र एकाच क्षणाचे वीस फोटो चढवू नका. एकसारखे फोटो साइट परत पाठवते. त्यातले दोन-तीन निवडा.

मग शब्द. फोटो सापडतो तो शब्दांवरूनच, आणि बहुतेक शोध इंग्रजीत होतो. ‘जॅगरी’, ‘शुगरकेन’, ‘बॉयलिंग’ असे नेमके शब्द द्या. अॅडोबी स्टॉक या साइटवर ४९ पर्यंत शब्द देता येतात, पण पहिल्या दहांना सर्वांत जास्त वजन असतं. तिथे ‘ब्युटिफुल’ लिहून जागा घालवू नका. आणि खरं तेच लिहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय; कारखान्यात यंत्रावर निघालेल्या चपलेच्या फोटोखाली ते नाव घालणं म्हणजे आपल्याच चर्मकारांच्या पोटावर पाय देणं आहे.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. चालेल का? (विद्यार्थिनी, इचलकरंजी)

चालेल. शटरस्टॉक आणि अॅडोबी स्टॉक या दोन्ही साइटना किमान ४ मेगापिक्सेल लागतात, आजचे फोन त्याच्या कितीतरी पुढे आहेत. दिवसाउजेडी काढा, डिजिटल झूम टाळा, आणि चढवण्याआधी फोटो पूर्ण आकारात उघडून तपासा. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो वापरू नका, तो दाबून लहान झालेला असतो.

प्रश्न : तालमीत सराव करणाऱ्या मल्लांचे फोटो विकता येतील? (वाचक, गंगावेश)

जाहिरातीसाठी विकायचे तर चेहरा ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची मॉडेल रिलीजवर, म्हणजे फोटो वापरायला संमती देणाऱ्या फॉर्मवर, सही हवी. मल्ल अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची किंवा पालकाची. साक्षीदाराचीही घेऊन ठेवा. सही नसेल तर फोटो ‘एडिटोरियल’ म्हणून देता येतो, म्हणजे बातमी किंवा लेखापुरता. त्यासाठी स्थळ-तारखेसह वर्णन लागतं आणि मागणी कमी असते. मी एकदा अंगाला माती चोळणाऱ्या एका पोराचा फार चांगला फोटो काढला आणि सही नंतर घेऊ म्हणून निघालो. महिनाभरानं गेलो तर तो तालीम सोडून गावी गेला होता. तेव्हापासून कोरे फॉर्म कॅमेऱ्याच्या बॅगेतच असतात. आणि सही मागण्याआधी वस्तादांना भेटा, फोटो कुठे कुठे वापरला जाऊ शकतो ते मल्लाला मराठीत नीट सांगा. कशावर सही करतोय हे त्याला कळलं पाहिजे.

बनियनवरचा, बाटलीवरचा कंपनीचा शिक्का जाहिरातीच्या फोटोत चालत नाही.

प्रश्न : पैसे किती आणि कसे मिळतात? एक जण नोंदणीसाठी पाच हजार मागतोय. (वाचक, गडहिंग्लज)

देऊ नका. या साइटवर नोंदणीला पैसे लागत नाहीत.

अॅडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के देते, आणि २५ डॉलर जमले की पैसे काढता येतात. शटरस्टॉकवर वाटा १५ ते ४० टक्के. विक्री वाढेल तशी पायरी चढते, पण १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाशी येतात. सबस्क्रिप्शनवाल्या, म्हणजे ठरावीक वर्गणी भरून फोटो घेणाऱ्या ग्राहकाकडून एका डाउनलोडमागे अनेकदा डॉलरचा लहानसा अंशच हाती येतो. त्यामुळे या जोरावर नोकरी सोडू नका, कर्ज काढून लेन्स घेऊ नका. अमेरिकी साइटवर कराचा डब्ल्यू-८ बीईएन फॉर्म पॅन क्रमांकासह भरा, नाहीतर तिथल्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात. इथल्या विवरणपत्रातही हे उत्पन्न दाखवा.

पहिल्या वर्षी आठवड्याला पाच-सहा फोटो, नीट शब्द घालून, एवढं नेमाने करा. गुऱ्हाळं सुरू झाली की तिथूनच सुरुवात करा.