'कोकणाचा अनुशेष' असे म्हणता येईल का?

प्रश्न असा आला आहे: 'प्रादेशिक अनुशेष', 'प्रादेशिक असमतोल' आणि 'मागासलेपण' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का? विदर्भाचा अनुशेष आणि मराठवाड्याचा अनुशेष असे नेहमी वाचनात येते, मग 'कोकणाचा अनुशेष' हा प्रयोग चुकीचा मानावा का? आणि अनुशेष 'भरून काढायचा' असतो की 'दूर करायचा'?

थोडक्यात सांगायचे तर हे तिन्ही शब्द समानार्थी नाहीत आणि 'कोकणाचा अनुशेष' हा प्रयोग चुकीचा नाही. तरीही तो कानाला अपरिचित का वाटतो, याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात शोधावे लागते.

प्रथम घडण पाहू. 'शिष्' या धातूचा अर्थ उरणे, शिल्लक राहणे असा आहे. अवशेष, निःशेष, शेष ही सारी त्याचीच कुळी. 'अनु' म्हणजे मागून, पाठोपाठ. त्यामुळे घटकांवरून अनुशेषाचा अर्थ मागे राहून पुढे चालत आलेली बाकी असा होतो. नोकरभरतीच्या संदर्भात हा अर्थ अगदी नेमका बसतो. बिंदुनामावलीनुसार, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी हे ठरवणाऱ्या क्रमवार यादीनुसार, राखीव असलेले पद एखाद्या वर्षी भरले गेले नाही तर ते पुढच्या वर्षाच्या खात्यात जाते, आणि अशा साचलेल्या पदांना आपण अनुशेष म्हणतो. २००० साली झालेल्या ८१व्या घटनादुरुस्तीने तर ही मागील वर्षांची पदे चालू वर्षाच्या आरक्षणाच्या ५० टक्के मर्यादेत मोजू नयेत, अशी तरतूद करून त्यांना स्वतंत्र गट मानण्यास वाव दिला. येथे देणे आधी ठरलेले असते, ते दिले गेले नाही एवढेच सिद्ध करायचे असते.

प्रादेशिक विकासाच्या बाबतीत मात्र अडचण आहे. एखाद्या जिल्ह्यात रस्ते कमी आहेत, एवढ्यावरून ते रस्ते त्या जिल्ह्याला देणे होते, असे आपोआप ठरत नाही. रस्ते कमी असणे हे मागासलेपण झाले, दोन जिल्ह्यांतील रस्त्यांचे प्रमाण विषम असणे हा असमतोल झाला. त्याला अनुशेष म्हणायचे तर 'इतके मिळायला हवे होते' हे सांगणारे एखादे माप किंवा एखादे वचन हाताशी असावे लागते. माझ्या मते या शब्दाची सारी राजकीय ताकद या गृहीतकात आहे. मागासलेपण म्हटले की उपाय म्हणून मदत सुचते. अनुशेष म्हटले की हक्काची वसुली सुचते.

हे वचन महाराष्ट्रात खरोखरच दिले गेले होते. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे म्हणून निरनिराळ्या मराठी प्रदेशांतील नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी केलेल्या नागपूर कराराने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित मराठी प्रदेश यांच्यात खर्चाचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे मान्य केले, आणि मराठवाड्याची अविकसित स्थिती पाहून त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष देण्याचेही ठरवले. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवण्याची, स्वतंत्र विकास मंडळांची आणि विकासखर्चासाठी निधीच्या समन्यायी वाटपाची तरतूद केली. प्रत्यक्ष मंडळे यायला १९९४ साल उजाडले, हा भाग वेगळा. मुद्दा एवढाच की विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या माणसाला बोट ठेवण्यासाठी एक दस्तऐवज होता. कोकणाला नावानिशी दिलेले असे वचन त्यात नव्हते. करारात आणि घटनेतही कोकण 'उर्वरित' मध्ये गेले, जेथे त्याच्या सोबतीला मुंबई, पुणे आणि खानदेशही आहेत. ('उर्वरित' याचाही अर्थ उरलेला असाच आहे. म्हणजे ज्या भागाला आपण शब्दशः शेष ठरवले, त्याच्या शेषाचा हिशेब मागणे बोलीला जड गेले, असे गमतीने म्हणता येईल.)

दुसरा आधार मापाचा. १९८३ मध्ये राज्य शासनाने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली आणि तिने १९८४ मध्ये अहवाल दिला. समितीच्या नावात शब्द असमतोल असला तरी अनुशेषाला हिशेबी अर्थ दिला तो तिनेच. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढण्यास लागणारा खर्च रुपयांत मांडायचा, ही तिची पद्धत होती. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचे आधिक्य त्याच प्रदेशातील दुसऱ्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा करायचे नाही, हेही यात महत्त्वाचे होते, कारण त्यामुळे एकक प्रदेश न राहता जिल्हा झाले.

या हिशेबाने आलेले आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्क्यांहून थोडा अधिक होता. म्हणजे ज्या प्रदेशाला आपण सरसकट पुढारलेला समजतो, त्यातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष मराठवाड्याच्या अनुशेषापेक्षा मोठा भरला. तेव्हा शासकीय व्याख्येनुसार कोकणातील जिल्ह्याचा अनुशेष ही सर्वस्वी वैध कल्पना आहे. १९९५ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या समितीच्या नावातच हा शब्द आला, ती 'निर्देशांक व अनुशेष समिती'. तिने १९९४ च्या स्थितीवर हिशेब मांडला तेव्हा एकूण रक्कम सुमारे १४,००७ कोटींवर गेली. त्यात विदर्भाचे ६,६२४ कोटी, मराठवाड्याचे सुमारे ४,००५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचे ३,३७८ कोटी होते. आता उर्वरित महाराष्ट्र तिसऱ्या क्रमांकावर गेला, पण शून्यावर आला नाही. वचनाचा इतिहास आणि मापाचा इतिहास यांच्यात ही अशी फट आहे. सार्वजनिक भाषणांनी पहिला उचलला, दुसरा अहवालांतच राहिला.

यावरून वापराचा एक नियम निघतो. अनुशेष लिहिताना कोणत्या क्षेत्राचा, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या सरासरीच्या तुलनेत, हे सांगता आले पाहिजे. तारखेचा आग्रह विशेष धरावा. सरासरी ही स्थिर वस्तू नाही. पुढे असलेले जिल्हे वाढत राहिले की ती वर सरकते आणि काल अनुशेषमुक्त ठरलेला जिल्हा आज पुन्हा खाली दिसू शकतो. म्हणून '१९९४ चा अनुशेष संपला' आणि 'अनुशेष संपला' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि निवडणुकीच्या सभेत पहिल्याऐवजी दुसरे केले जाते.

त्याच जातीची दुसरी गल्लत 'आर्थिक अनुशेष' आणि 'भौतिक अनुशेष' यांची होते. ठरलेली रक्कम दिली गेली की आर्थिक अनुशेष संपतो. ठरलेले क्षेत्र प्रत्यक्ष ओलिताखाली आले तरच भौतिक अनुशेष संपतो. भूसंपादन, वनजमिनीची परवानगी आणि वाढत गेलेला प्रकल्पखर्च यांमुळे दोहोंत मोठे अंतर पडू शकते. अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांच्या सिंचनाबाबत हा भेद वर्षानुवर्षे चर्चेत आहे. विशेषण गाळून नुसते 'अनुशेष' लिहिले की मंत्री आणि आमदार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असूनही दोघे खरे ठरतात.

अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील ज्या उच्चस्तरीय समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, तिच्या नावात 'समतोल प्रादेशिक विकास' आहे, अनुशेष नाही. हा बदल केवळ शोभेचा नव्हता. मागील तूट मोजण्यापेक्षा पुढील विकासाची दिशा ठरवण्याकडे तिचा कल होता. विदर्भ आणि मराठवाड्यात तिच्यावर टीका झाली, त्यामागे अनेक कारणे होती. पण हिशेबाच्या वहीतून आपली जुनी बाकीच खोडली जाते की काय, ही भीती त्यांपैकी एक होती, असे मला वाटते.

आता क्रियापदाचा प्रश्न. 'भरून काढणे' हे तूट, खड्डा, नुकसान यांच्याशी जुळते, तर 'शेष' म्हणजे उरलेले, आणि उरलेले फेडतात किंवा संपवतात. त्यामुळे घडणीच्या काटेकोर दृष्टीने 'भरून काढणे' थोडे विसंगत आहे. परंतु मराठीत अनुशेषाचा अर्थ बाकीकडून तुटीकडे सरकला असल्याने ते रूढ झाले आहे आणि त्याला हरकत घेऊ नये. शासकीय लेखनात 'अनुशेष दूर करणे' व 'अनुशेष निर्मूलन' ही रूपे आढळतात, तीही चालतील. भरतीबाबत मात्र 'अनुशेष भरणे' असे न लिहिता 'अनुशेषाची पदे भरणे' लिहावे, कारण तेथे भरली जातात ती पदे.

राहता राहिला 'औद्योगिक अनुशेष'. उद्योग खाजगी गुंतवणुकीने येतात, त्यांचे जिल्हावार वाटप शासनाच्या हाती नसते, म्हणून या प्रयोगात देणेकरी कोण हे स्पष्ट होत नाही. तेथे 'औद्योगिक असमतोल' अधिक नेमके ठरेल. वीजदरातील सवलत किंवा औद्योगिक वसाहतीची जमीन अशी शासनाने द्यायची गोष्ट विषय असेल तर अनुशेष शोभेल. प्रश्नकर्त्याने कोकणाबद्दल लिहिताना 'सिंचनाचा अनुशेष' किंवा 'रस्त्यांचा अनुशेष' असे क्षेत्र सांगून आणि शक्यतो जिल्ह्याचे नाव घालून लिहावे.