आडनाव सोड, काम शोध

प्रिय मुली,

पणजोबा ‘नेव्हीत होते’ असं घरात सगळे सांगतात आणि 1946 च्या नाविकांच्या उठावात त्यांचं नाव कुठे सापडत नाही, म्हणून तू हिरमुसलीस. अगं, ते खलाशी नव्हतेच. ते लायन गेटातून कामाला जात आणि रिव्हेट (लोखंडी पत्रे जोडायचे खिळे) तापवत, असं तुझी आजी सांगते ना? लायन गेट म्हणजे मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डचं, नौदलाच्या गोदीचं दार. मग ते तिथले मुलकी कामगार. खलाशांची कागदपत्रं वेगळी, यांची वेगळी. गेटाचं नाव आजीच्या लक्षात राहिलं हे आपलं नशीब. नाहीतर माझगाव डॉक, पोर्ट ट्रस्टच्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या, सगळीकडे वणवण झाली असती.

आता आडनाव धरून बसू नकोस. काम शोध. जुन्या कागदांत आपल्या माणसाचं नाव असतं, बापाचं असतं, आडनाव बऱ्याचदा नसतंच. असलं तर इंग्रजी कारकुनाच्या कानाला आलं तसं. काम मात्र लिहिलेलं असतं, कारण मजुरी त्यावर ठरायची.

कामावरून काळही लागतो. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून सुतार घेऊन मुंबईत आले, तेव्हा गोदीत लाकडाचं राज्य होतं. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. वाडियांची नावं पुस्तकांत आहेत, असायलाच हवीत. पण ते साग तासणारे, फळ्यांच्या फटी बुजवणारे कोण होते? पुढे वाफ आली, लोखंड आलं, बॉयलरवाले आणि रिव्हेटवाले आले. मग वेल्डिंगने रिव्हेटला हटवलं. म्हणजे पणजोबांचा काळ आजीच्या त्या एका वाक्यात आहे, आणि तू वंशावळीचा तक्ता रंगवत बसलीस!

आमच्या भावकीलाही तक्ताच हवा होता, त्यात एखादा सरदार निघाला तर उत्तम. मी सुतार-लोहार शोधत राहिलो म्हणून काहींनी बोलणं टाकलं. टाकू देत. वडील गेले तेव्हा मी परगावी होतो. त्यांची हत्यारपेटी भंगारात गेली. हत्यारांवर खात्याचे शिक्के होते. ते वाचायचे राहिले, ही सल जात नाही. म्हणून तुझ्यावर चिडतो. काम, बाई, काम शोध!

गिरगाव-लालबागकडे तुमच्या गावकीची खोली असेल, तर तिथली जुनी वही बघ: कोण कुठे कामाला होता हे वर्गणीच्या हिशेबात कधी कधी सापडतं. तहसिलीत कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतील. आणि आत्याच्या ट्रंकेत पेन्शनचे कागद असतील, तर खातं, हुद्दा आणि बिल्ला नंबर दिसेल असा फोटो आधी मला पाठव. पुढच्या आठवड्यात मी फोर्टातल्या पुराभिलेखागारात, जुने सरकारी कागद ठेवतात तिथे, जाणार आहे. त्याआधी मिळाला तर बरं.

तुझा,
काका