तांब्याची सावली गेली कुठं?

प्रश्न : पोरगा खानापूरला मराठी शाळेत आठवीत. बेळगावात विज्ञानाचा लाइव्ह शो बघून आला तेव्हापासून घरभर प्रयोग चालू, पण गणित म्हटलं की तोंड वाकडं. काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, पेटलाय ना पोरगा, मग थांबू नका! २ ते ४ मे दरम्यान आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, गल्लीतली सगळी पोरं गोळा करा, अंगणात तांब्या ठेवा, साडेबाराच्या सुमारास सावली बुडाखाली गडप होते आणि पोरं जाम ओरडतात बघा. मग विचारा, बाराला का नाही? भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या सूर्याप्रमाणं लावलेलं, आपण ७४.५ वर, आणि सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात. गुणाकार त्यालाच करू दे, तुम्ही सांगू नका हं. ऑगस्टात परत चान्स असतो, पण खानापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे.