पाटीवरचा ‘मदत’ हा शब्द

मुलीच्या हातून लिहवून घेतलेलं तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. तुम्ही पाच जण. चौघं अंध, ढोलकीवाला पायानं अधू. बसस्थानकासमोर कीबोर्ड आणि चाकांवरचा बॅटरीचा स्पीकर लावून गाता. तीन महिन्यांपूर्वी भिकारी पकडणाऱ्या पथकानं उचललं, दुसऱ्या दिवशी कोर्टानं हमीवर सोडलं, स्पीकर आणि कीबोर्ड मात्र अजून आलेला नाही. चौकशीची पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे. तुम्ही विचारता, ‘चूक झाली, पुन्हा असं करणार नाही, असं लिहून दिलं तर सुटू ना?’ हाच प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा येतो. वाद्य तेवढं बदलतं.

त्या दिवशी सुटाल. पुढच्या आठवड्यात त्याच जागी गायला उभे राहिलात की अडकाल.

तुमच्यावरची कारवाई १९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याखाली आहे. त्यातली ‘भीक मागणे’ याची व्याख्या एकदा मुलीकडून नीट वाचून घ्या. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा स्वीकारणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा बहाण्यानं असो वा नसो, असा तिचा अर्थ आहे. (ही व्याख्या ताणली तर पहाटे दारात येणारा वासुदेवही मोरपिसांच्या टोपीसकट गाडीत बसेल.) तुम्ही पत्रात अडीच पानं खर्च केलीत ती ‘आम्ही खरंच चांगलं गातो’ हे सांगण्यात. मला ते मान्य आहे. पण गाणं चांगलं की वाईट यावर हा कायदा ठरत नाही. डब्यात पडलेला पैसा भिक्षा आहे की गाण्याचा मोबदला, यावर ठरतो.

आणि तिथे तुमची पाटी आडवी येते. ‘आम्ही जन्मांध आहोत. सढळ हाताने मदत करा.’ पथकानं तिचा फोटो काढून कागदपत्रांना जोडला आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ‘मदत’ हा शब्द समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि तो तुम्ही पदरचे पैसे देऊन पेंटरकडून रंगवून घेतलात. पाटीबद्दल कोर्टात विचारलं तर खोटं बोलू नका. ती होती, म्हणून सांगा.

पण पत्राच्या शेवटी, मुलीच्या शिक्षणाच्या काळजीनंतर, एक ओळ येते: मागच्या गणपतीत सात मंडळांत कार्यक्रम केले, दोन मंडळांनी चेक दिले. अहो, ही ओळ पहिल्या पानावर हवी होती! बँकेचं पासबुक अद्ययावत करून घ्या, मंडळांकडून तारीख आणि मानधनाची रक्कम लिहिलेली पत्रं घ्या. तुमच्यापैकी एकानं गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही संगीताची परीक्षा पूर्ण केली आहे, ते मूळ प्रमाणपत्र काढा. क्यूआर कोडवर आलेल्या रकमांचा सहा महिन्यांचा उतारा जोडा. फर्माईश करून पैसे देणारा एखादा नेहमीचा श्रोता, समोरचा चहावाला म्हणा, साक्षीला येत असेल तर उत्तमच. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तुमच्या राहणीमानाचा अहवाल देतात, तो कोर्टाला विचारात घ्यावा लागतो. ते घरी येतील तेव्हा हेच कागद दाखवा. गरिबीची कहाणी तेवढीच सांगत बसू नका.

आता त्या ‘लिहून देण्या’बद्दल. पुन्हा भीक मागण्याची शक्यता नाही असं वाटलं तर कोर्ट समज देऊन बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकतं. पण त्याआधी तुम्ही भिकारी आहात असा निष्कर्ष नोंदवला जातो. तो एकदा मान्य केलात की दुसऱ्या वेळी ‘हे आमचं काम आहे’ म्हणायला तोंड उरत नाही, आणि बंधपत्र मोडल्याचा ठपका वेगळा. पहिल्याच वेळीही एक ते तीन वर्षं भिकाऱ्यांसाठीच्या संस्थेत डांबून ठेवण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तुमच्यासारख्यांना थेट पाठवतील असं मला वाटत नाही, पण हमी देणार नाही. पोलिसांनी वाचून न दाखवता ज्या जबाबावर अंगठे घेतले, त्याला तुमचे वकील हरकत घेतील. ती टिकेलच असं धरून चालू नका, कारण ही चौकशी आहे, नेहमीचा खटला नव्हे. न वाचलेल्या कागदावर पाच जणांनी पाच अंगठे दिले, आणि मुलगी दहा मिनिटांच्या अंतरावर होती!

‘कायदा रद्द झालाय’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप कोर्टात दाखवू नका. दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ रोजी यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या, त्या दिल्लीपुरत्या. महाराष्ट्रात कायदा चालू आहे. त्या निकालातला युक्तिवाद वकिलांनी जरूर मांडावा, तुम्ही नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणता. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. तीन महिन्यांत तिथे एकदाही गेला नाहीत. उद्या जा.

कीबोर्ड नक्की कोणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधा. पोलिसांच्या पंचनाम्यात असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पालिकेच्या गोदामात असेल तर २०१४च्या पथविक्रेता कायद्याचा आधार घेऊन लेखी मागणी करा आणि पोच घ्या. त्या कायद्यात जप्तीच्या वेळी यादी द्यावी लागते आणि नाश न होणारा माल मागणीनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. ‘पथविक्रेत्याचं प्रमाणपत्र नाही, मग कायदा लागू नाही’ असं उत्तर येईल. त्या कायद्यातल्या पथविक्रेत्याच्या व्याख्येत लोकांना सेवा देणाराही येतो, आणि प्रमाणपत्र देताना अपंगांना प्राधान्य आहे. गाणं ही सेवा आहे हे मांडता येईल, मान्य होईलच असं नाही. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाला पालिकेची माणसं आली तेव्हा तुम्ही कार्यक्रमाला गेला होतात, ते समजतं. नंतर प्रमाणपत्रासाठी अर्जही केला नाहीत, ते समजत नाही. स्पीकरला लेखी परवानगी लागते, बॅटरीवरच्यालाही. तो अर्ज याच आठवड्यात टाका.

रेल्वे स्टेशनवर जागा बदलायचा विचार सोडा. पथविक्रेता कायदा रेल्वेच्या हद्दीत चालत नाही. हवालदार लोकांदेखत जे बोलला त्याची तक्रार अपंग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली होऊ शकते, पण तो विषय या तारखेनंतर.

या चौकशीला कायदा ‘संक्षिप्त’ म्हणतो. तुमची ही तिसरी तारीख. दर तारखेला पाच जणांची कमाई बुडते, ती कुठल्याच नोंदीत येत नाही. तरीही पाचही जण वेळेवर हजर राहा. साहेबांनी ‘भीक मागत होतात का?’ विचारलं तर लवकर सुटायच्या घाईत मान डोलावू नका. गात होतो आणि गाण्याचे पैसे घेत होतो, एवढंच सांगा, मग पासबुक पुढे करा. नव्या पाटीवर फर्माईशीचा दर आणि कार्यक्रमासाठी फोन नंबर लिहा. जुनी पाटी फेकू नका, कोर्ट ती मागू शकतं.