इंग्रजी उपपदे : ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे?

प्रश्न असा आहे : ‘आय बॉट अ स्कूटर, बट द इंजिन इज नॉइझी’ या वाक्यात इंजिनाचा उल्लेख पहिल्यांदाच येत असताना त्याआधी ‘द’ कसे? शाळेत तर ‘पहिल्या उल्लेखाला अ, पुढच्या उल्लेखाला द’ असे शिकवले होते.

वाक्य बरोबर आहे. अपुरा आहे तो शाळेतला नियम. उल्लेख कितवा, यापेक्षा नेमकी कोणती वस्तू हे ऐकणाऱ्याला ओळखता येते का, याला इंग्रजीत महत्त्व आहे. स्कूटरचे नाव निघाले की तिला एकच इंजिन असणार हे वेगळे सांगावे लागत नाही, म्हणून ‘द इंजिन’. आरसे मात्र दोन असतात. त्यांतला एक फुटला असेल तर नुसते ‘द मिरर’ म्हटल्याने कोणता ते कळत नाही आणि ‘वन ऑफ द मिरर्स’ म्हणावे लागते. याच न्यायाने ‘ही इज द सेक्रेटरी ऑफ अवर सोसायटी’ म्हणजे सोसायटीला सेक्रेटरी एकच; तेथे ‘अ’ घातल्यास अनेक सेक्रेटरींपैकी एक, असा अर्थ होतो.

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून हा भेदच आपल्याला परका आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते मला मुळीच पटत नाही. ‘काका मुलगी बघायला गेले आहेत’ आणि ‘काका मुलीला बघायला गेले आहेत’ ही वाक्ये कोणीही मराठी माणूस एकमेकांच्या जागी वापरणार नाही : पहिल्यात स्थळ पाहण्याची गोष्ट आहे, दुसऱ्यात ठरावीक मुलगी, बहुधा काकांची स्वतःची. येथे ‘ला’ प्रत्यय बऱ्याच अंशी ‘द’चे काम करतो.

तरीही दोन्ही एकच नव्हेत, आणि आपली गफलत बहुधा येथेच होते. ‘मी एका डॉक्टरांना शोधतो आहे’ असे म्हणणाऱ्याच्या मनात डॉक्टर ठरलेले असतात, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसतात. म्हणून इंग्रजीत ‘अ डॉक्टर’च येईल, आणि ‘मी डॉक्टर शोधतो आहे’, म्हणजे कोणीही चालेल, यासाठीही ‘अ डॉक्टर’च. मराठी प्रत्यय बोलणाऱ्याच्या मनातला नेमकेपणा दाखवू शकतो. ‘द’ला ऐकणाऱ्याचीही ओळख लागते. त्यामुळे ‘द’ लिहिण्यापूर्वी वाचणारा ‘कोणता?’ असे विचारील का, हे पाहावे. विचारणार असेल तर एकवचनी गणनीय नामाला ‘अ’ किंवा ‘ॲन’ लावावे.

विशेषनामांना ही कसोटी पुरत नाही, तेथे रूढी पाठच करावी लागते : नदीला ‘द गोदावरी’, पर्वतरांगेला ‘द हिमालयाज’, पण एकट्या शिखराला नुसते ‘माउंट एव्हरेस्ट’. काही सामान्यनामांतही रूढीच चालते. दाखल असलेल्या रुग्णाबद्दल ब्रिटिश माणूस ‘इन हॉस्पिटल’ म्हणतो, तर अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’, आणि दोन्ही शुद्धच.